डिंकाभोवतीची पांढरी कड

गाडी सापडली. माणूस नाही.

बसस्टँडमागच्या वाहनतळावर, पार कोपऱ्यात, रुंद पानांच्या एका झाडाखाली चकाचकअण्णांची निळी गाडी उभी होती. अण्णा म्हणजे गाड्या धुवायच्या आणि पॉलिश करायच्या वर्कशॉपचे मालक. त्यांच्या हातून निघालेल्या गाडीच्या दारात बघून लोक दाढी करून घ्यायचे. स्वतःच्या गाडीवर तर त्यांचा असा जीव, की माशीसुद्धा तिच्यावर पाय पुसून बसायची म्हणे.

आणि आज त्याच गाडीच्या अंगावर देवी आल्यासारखे फोड होते. टपावर, बॉनेटवर, काचांवर. पिवळे, टणक, काचेसारखे.

"डिंक," फौजदारबाई म्हणाल्या. त्यांनी एका थेंबावर नख मारलं. नख वाकलं, थेंब जागचा हलला नाही.

"झाडाखाली लावली की गळणारच डिंक," हवालदाराने जांभई दिली. हवालदार भला माणूस, पण जांभया अशा द्यायचा की समोरच्याला आतलं जेवण दिसावं. "अण्णा गेले असतील बसने कुठंतरी. येतील परत. आपल्याकडे चोरीला गेलेल्या गाड्यांची रांग लागलीय बाई, सापडलेली गाडी कशाला धरून बसायचं?"

"वर बघ."

हवालदाराने वर बघितलं. झाडाचं खोड कोरडं ठणठणीत. खाली जमिनीवर थेंब नाही. शेजारच्या मोटरसायकलवर नुसती धूळ.

"ह्या झाडाने आयुष्यात कधी डिंक गाळला नाही," बाई म्हणाल्या. "गाडी दुसरीकडे उभी होती. चांगली तीनचार दिवस, उन्हात. तिथं डिंक पडला, वाळला, आणि मग कोणीतरी तिला इथं आणून ठेवलं."

फौजदारबाईंची नजर अशी की भिंतीकडे जरा जास्त वेळ बघितलं तर भिंतसुद्धा कबुली देईल. ती नजर आता गाडीवरून इंच इंच सरकत होती.

डिंकात सुईसारखी पानं अडकली होती. म्हणजे चिडाची, पाइनची झाडं. त्यात बारीक पिवळट भुसाही होता. लाकडाचा. दारांच्या फटींवरून डिंक ओघळून वाळला होता, लाखेची मोहोर मारावी तसा. चारपैकी तीन दारांच्या मोहरा शाबूत. चालकाच्या दाराची तेवढी तुटलेली.

"म्हणजे गाडी घेऊन आला तो एकटाच आला," बाई पुटपुटल्या.

समोरच्या काचेचा चालकापुढचा भाग स्वच्छ होता. ब्लेड आडवं धरून डिंक अलगद काढलेला, काचेवर ओरखडा नाही. ते समजण्यासारखं होतं. दिसल्याशिवाय गाडी चालवणार कशी?

पण बॉनेटच्या कडेला आणखी एक जागा साफ केलेली होती. तळहाताएवढी. तिथं का?

बाई गुडघ्यावर बसल्या आणि तिरप्या नजरेने बघू लागल्या. ती जागा बाकीच्या रंगापेक्षा जास्त चमकत होती. पॉलिश मारलेलं. आणि तिच्याभोवती दुधट पांढरी कड होती, साय धरल्यासारखी. कडेला, उरलेल्या डिंकात, एका बोटाचं टोक उमटलेलं होतं.

"ठसा!" हवालदाराची जांभई पळाली.

"अर्धा आहे. जुळवायला वर पाठवावा लागेल, उत्तर यायला आठवडा." बाई उठल्या. "ओल्या चिकावर कोणीतरी हात टेकला होता. तो पंजा वाळून पक्का झाला, म्हणून पुसावा लागला. एक बोट राहून गेलं."

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि अण्णांची लेक धावत आली. मागोमाग तिचा नवरा. तिने गाडीच्या खिडकीला नाक लावलं आणि मटकन खालीच बसली.

"काय झालं?"

"ते पाकीट. सीटवरचं लाल." तिच्या ओठांवर रक्त राहिलं नव्हतं. "अण्णांची साखरेची इंजेक्शनं आहेत त्यात. बाई, अण्णा चपला विसरतील, पण ते पाकीट नाही. ते बसने गेले नाहीत. आणि औषधाविना चार दिवस..."

बाईंनी मनात घड्याळ लावलं. आता आठवडा नव्हता. असला तर आजचा दिवस होता.

जावई बायकोच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. इस्त्रीचा शर्ट, मऊ आवाज, डोळ्यांत पाणी.

"जावईबापू, सासऱ्यांना शेवटचं कधी बघितलंत?"

"ते गेले त्याच्या आदल्या रात्री. जेवताना."

"काही बोलले?"

"एक शब्द नाही. ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी मी पहाटेच कामाला निघालो. कापडाची एजन्सी आहे माझी. आज ह्या गावी, उद्या त्या गावी."

"वर्कशॉपमध्ये जाणं होतं?"

"छे हो! तिथल्या वासाने माझं डोकं उठतं. गाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही. अण्णा चिडवायचे मला, जावई नाही कापसाची गादी आणलीय म्हणून." तो कसनुसं हसला. मग आवाज खाली आणला. "बोलू नये, पण धाकट्या काकांना विचारा. त्या दिवशी दोघा भावांचं मोठ्याने झालं होतं. अख्ख्या गल्लीने ऐकलंय."

लेकीने डोळे पुसायला पदर शोधला, तर अंगात कुडता. तिने नवऱ्याकडे रुमाल मागितला. त्याच्याकडे नव्हता.

"ह्यांच्याकडे कुठला असणार?" ती रडता रडता चिडली. "घरात एक मऊ फडकं शिल्लक ठेवत नाहीत. सगळी गोळा करून नेतात, म्हणे दुकानात लागतात. अण्णांचे जुने बनियनसुद्धा सोडले नाहीत!"

बाईंनी आपला रुमाल पुढे केला.

*

वर्कशॉप म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. भिंतीला नळ्या, कोपऱ्यात बादल्या, फळीवर डबे. अण्णांची खुर्ची रिकामी होती आणि तिच्याकडे बघायचं सगळेच टाळत होते. हवालदाराने निळी गाडी आणून मधोमध उभी केली.

अण्णांचा धाकटा भाऊ गाडीभोवती एक फेरी मारून आला. दांडगा माणूस, मान बैलासारखी, आवाज त्याहून मोठा.

"भावाशी भांडण झालं होतं?" बाईंनी विचारलं.

"रोज होतं! ज्या दिवशी झालं नाही त्या दिवशी दादाला ताप असायचा."

"गल्लीने ऐकलं ते काय होतं?"

धाकट्याने मान खाली घातली. "दादा ओरडला, 'माझ्याच घरात चोर!'"

"तुम्हाला?"

"मला वाटलं मलाच. म्हणून मीही ओरडलो. पण तो माझ्याकडे बघतच नव्हता बाई. त्या गाडीकडे बघत होता."

"कुठल्या?"

"एक गिऱ्हाईक आलं होतं, परगावचं. जुनी गाडी विकत घेतलेली, पॉलिशला आणली. दादाने टपावरून हात फिरवला आणि म्हणाला, 'कुठल्या गाढवाने डिंक काढून त्याच दिवशी पॉलिश मारलंय?' मग दार उघडून खाली वाकून बघितलं. एक जुना पोचा होता, त्यानेच कधीतरी ठोकून काढलेला. रंग नवा होता, पण पोचा ओळखला त्याने. गाडी आपल्याच गावातली, चोरीला गेलेली! दादाने गिऱ्हाइकाला विचारलं, कोणाकडून घेतली. त्याने काय सांगितलं ते मी ऐकलं नाही. पण दादा म्हातारा झाला हो तेवढ्यात. एका मिनिटात."

बाईंनी खिशातून नाणं काढलं आणि बोलता बोलता बॉनेटवरच्या डिंकाला लावलं.

"ए ए ए! बाई!" धाकट्याने त्यांचा हात पकडलाच. हवालदार दचकून काठी शोधू लागला. "रंग जाईल ना! थांबा, मी दाखवतो."

त्याने गरम पाण्यात फडकं बुडवून थेंबावर ठेवलं. जरा वेळाने तेलाचं बोट फिरवलं. डिंक नरम पडला. मग फडक्यावर स्पिरिट घेऊन हलक्या हाताने टिपला. शेवटी साबणपाण्याने जागा धुतली.

"आता पॉलिश लावा," बाई म्हणाल्या.

"आज?" जणू बाईंनी त्याला बॉनेटवर धुणं आपटायला सांगितलं होतं. "दादाने हात तोडले असते माझे! स्पिरिट लागलेल्या जागेला रात्रभर उघडं ठेवायचं. रंगाला श्वास घेऊ द्यायचा. नाहीतर आत राहिलेलं वर येतं आणि पॉलिशखाली पांढरी कड धरते. ह्या शेडमध्ये पाऊल टाकलेल्या प्रत्येकाने ह्यासाठी शिव्या खाल्ल्यात."

"प्रत्येकाने?"

"मांजर सोडून."

फौजदारबाई त्याच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. मग त्यांचा आवाज एकदम लोखंडासारखा झाला.

"हवालदार, ह्यांना ठाण्यावर नेऊन आत बसवा."

धाकट्याने जो आरडाओरडा केला त्याने म्हणे पत्र्यावरची कबुतरं दुसऱ्या गावाला राहायला गेली. पण नेलंच त्याला.

*

दुपार कलली. पत्रा तापून कडकड वाजत होता. लेक अण्णांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली होती, लाल पाकीट मांडीवर घेऊन; गाडीत तापलेलं औषध काढून तिने ताजं भरलं होतं. बाईंनी मधल्या टेबलावर सामान मांडलं होतं. वाफाळतं पाणी, तेल, स्पिरिट, फडकी. मागच्या फळीवर पॉलिशचे डबे.

जावई नाकाला हात लावून आत आला. "धाकट्या काकांना पकडलंत असं कळलं. मला वाटलंच होतं."

"हो ना. आता एक उपकार करा. गाडी तपासायला पाठवायचीय आणि वर्कशॉपमध्ये हात लावायला माणूस नाही. बॉनेटवर हा एवढा एक थेंब आहे, तो काढा."

"मी? मला काय येतंय?"

"काढा हो जमेल तसा. सासऱ्यांचीच गाडी आहे."

त्याने कोरडं फडकं उचललं आणि भांडी घासावीत तसं खसाखसा घासलं. "निघत नाही."

"सावकाश." बाई स्टूल ओढून त्याच्या जवळ बसल्या. "अण्णा गेले त्या सकाळी तुम्ही कुठल्या गावी होतात?"

जावयाने गावाचं नाव सांगितलं.

"कसे गेलात?"

"बसने."

"कुठली बस?"

"पहाटेची, पहिली." त्याने फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं, थेंबावर ठेवलं.

"पहिली बस त्या दिवशी बंद पडली होती."

हे बाईंनी ठोकून दिलं होतं.

"दुसरी असेल. झोपेत होतो मी." फडकं उचललं. बोटाला तेल. गोल गोल, हलके.

"तिकडे कोणाला भेटलात?"

"दुकानदारांना."

"कोणत्या?"

"दोनतीन होते. नावं... नावं बघून सांगतो." नवं फडकं. स्पिरिट. टिपलं, घासलं नाही.

"मुक्कामाला होतात?"

"हो. नाही. रात्री आलो."

हवालदाराने जांभईसाठी तोंड उघडलं होतं ते तसंच उघडं राहिलं. लेक उठून उभी राहिली होती. जावयाचं तोंड खोटं शोधण्यात गुंतलं होतं आणि हात आपलं काम करत होते. रोजचं काम. त्याने मागे वळूनही न बघता फळीवरचा डबा घेतला, अंगठ्याने झाकण उडवलं, फडक्याचं टोक आत बुडवलं आणि ओल्या जागेवर पॉलिश फिरवलं.

"झालं?" बाईंनी हळूच विचारलं.

"हं. बघा आता, डाग होता असं कोणी म्हणेल?"

बोलला आणि त्यालाच ऐकू आलं. हातातलं फडकं गळून पडलं.

हवालदार दाराशी जाऊन उभा राहिला.

"ज्याला ह्यातलं ओ की ठो कळत नाही," बाई म्हणाल्या, "त्याचा हात माझ्या स्वयंपाकाच्या हातापेक्षा सराईत चालतो. कसा?"

"बायकोकडून... बायकोकडून ऐकलंय सगळं."

"माझ्याकडून?" लेक म्हणाली. "आणि मी तुम्हाला त्याच दिवशी पॉलिश मारायला सांगेन? अण्णांची मुलगी?"

बाई उठल्या. "तिथंच तर सगळं आहे. ज्याने पंजाचा ठसा पुसला त्याला डिंक काढता येत होता. मला वाटलं, वर्कशॉपमधला माणूस. पण वर्कशॉपमधला माणूस त्याच दिवशी पॉलिश मारणार नाही, आणि पळायच्या घाईत असेल तर मुळीच मारणार नाही. हे काम अशा माणसाचं, ज्याला गाडी टिकवायची नाही, खपवायची आहे. गिऱ्हाइकाला डाग दिसू नये म्हणून डिंक काढला की लगेच पॉलिश, ही ज्याच्या हाताची सवयच झालीय. चोरलेल्या गाड्या चिडाच्या झाडाखाली लपवायच्या, रंग बदलायचा, डिंक काढायचा, चमकवायच्या आणि परगावी विकायच्या. त्याला लागतात मऊ फडकी, पुष्कळ. घरातली सगळी."

लेकीने तोंडावर हात घेतला.

"अण्णांनी त्या गाडीवर पांढरी कड बघितली. विकणारा कोण, ते गिऱ्हाइकाने सांगितलं. 'माझ्याच घरात चोर' ते तुम्हाला म्हणाले, जावईबापू. माझ्याकडे आले असते तर आज सुखरूप असते. पण मुलीचा संसार आडवा आला. म्हणून आधी तुमच्याशी बोलायला आले, पहाटे तुमच्या मागोमाग, तुमच्या अड्ड्यावर, एकटे."

"मी मारलं नाही त्यांना!" जावई ओरडला.

"मग कुठं आहेत?"

त्याने दाराकडे बघितलं.

"डिंकात भुसा आहे. लाकूड कापायची गिरणी. चिडाच्या रस्त्याला अशा कितीतरी बंद पडल्यात, एकेक शोधत बसले तर रात्र होईल. कुठली?"

हवालदाराने जावयाचे खिसे उलटे केले. एक मोठी गंजकी किल्ली निघाली, डिंकाने चिकट झालेली. किल्लीवर काय गिरणीचं नाव लिहिलेलं असतं? बाईंच्या कपाळावर घाम आला. पहिल्यांदाच.

"मला माहीत आहे," लेक म्हणाली.

"तू गप्प बस," जावई म्हणाला.

"वळणावरची. छप्पर अर्धं पडलेली." ती बाईंकडे वळली. "लग्नाआधी आम्ही तिथं भेटायचो. अण्णांपासून लपून. हेच घेऊन जायचे मला. म्हणायचे, इथं कोणी फिरकत नाही."

*

जीप ठाण्यावरून धाकट्याला घेऊन सुसाट सुटली. तो पुढे बसला आणि बाईंकडे बघेना.

"रागावलात?"

"आत टाकलंत मला!"

"चहा दिला होता ना?"

"बेचव होता."

"तुम्हाला आत टाकल्याशिवाय हे निर्धास्त झाले नसते. आणि माणूस निर्धास्त झाला तरच त्याचे हात मोकळे सुटतात."

मागे जावई बेड्या घालून बसला होता. त्याच्या शेजारी लेक, मधे वीतभर जागा सोडून. दोघंही समोर बघत होते.

चिडाची झाडं सुरू झाली आणि उजेड गेला. दोन्ही बाजूंनी काळी खोडं, खाली सुयांचा जाड थर, त्यावर चाकांचा आवाजही होईना. टपावर काहीतरी टपकन पडलं. मग पुन्हा. डिंक.

गिरणीच्या आवारात तीन गाड्या मेणकापडाखाली उभ्या होत्या, झाकून ठेवलेल्या मढ्यांसारख्या. मागे भुशाची कोठी. दाराला कुलूप. बाईंनी हाक मारली. उत्तर नाही. धाकट्याने हाक मारली, त्या आवाजाने पाखरं उडाली. उत्तर नाही.

किल्ली कुलपात अडली. डिंकाने. बाईंनी पुन्हा फिरवली, आणि धाकट्याचा धीर सुटला. त्याने तो बैलासारखा खांदा दारावर घातला. दुसऱ्या धडकेला दार आत पडलं.

अण्णा भुशात पडले होते. पायाला दोरखंड. शेजारी पाण्याची कळशी, तळ दिसणारी. ओठांना भेगा, श्वास लांब लांब आणि जड. पण श्वास होता.

"दादा!" धाकटा गुडघ्यावर कोसळला. एवढा दांडगा माणूस, लहान पोरासारखा रडू लागला. "ऊठ ना रे. ऊठ, भांडू आपण."

लेक रडली नाही. तिने पाकीट उघडलं. अण्णांच्या बोटातल्या रक्ताचा थेंब घेऊन आतल्या यंत्रावर साखर बघितली. इंजेक्शन भरलं, उजेडाकडे धरून बघितलं. तिचे हात दगडासारखे स्थिर होते. तिने सुई दिली आणि वडिलांचं डोकं मांडीवर घेतलं.

बऱ्याच वेळाने अण्णांच्या पापण्या हलल्या. नजर लेकीवर थांबली.

"तुला... कळलं?"

"कळलं."

"मला सांगायचं नव्हतं तुला."

"माहीत आहे, अण्णा. आता बोलू नका. दवाखान्यात जायचंय."

धाकट्याने त्यांना उचललं, भरलेलं पातेलं उचलावं तसं सांभाळून. लेक पुढे गेली आणि तिने जीपचं मागचं दार उघडलं. आत जावई बसला होता. त्याच्या डोळ्यांत पुन्हा तेच पाणी होतं आणि आवाजात तोच मऊपणा.

"सगळं तुझ्यासाठीच केलं गं. तुला चांगलं घर द्यावं म्हणून. पाणी देत होतो मी त्यांना, रोज. तू सांग ना बाईंना."

लेकीने त्याच्याकडे बघितलं. चोरीच्या गाडीच्या दाराखालचा तो पोचा अण्णांनी बघितला असेल तसं, बराच वेळ, नीट.

"उतर खाली," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्याला अरेतुरे केलं होतं. "ती जागा अण्णांना लागणार आहे."